हुरड्यात गेलेलं ताट

अण्णारावांना पाहुण्यांचं भारी कौतुक. सोलापुरातल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ते देगावच्या शेतात जाऊन बसले आणि पौष लागला की साऱ्या गोतावळ्याला हुरड्याचं आवतण जाऊ लागलं. यंदा मात्र त्यांनी पुतणीचं तीन वर्षांचं कामच पाहुण्यांना खाऊ घातलं.

पुतणी दाक्षायणी विद्यापीठात संशोधन करते. तिनं मालदांडी ज्वारीचं बी रसायनात भिजवून काकांच्या शेताच्या कोपऱ्यात पेरलं होतं. रसायनानं जनुकांत फरक पडतात, पण कुठं पडतील ते रसायनालाही ठाऊक नसतं. दुसऱ्या पिढीत हजारोंमध्ये एकच ताट हवं तसं निघालं. कमरेएवढं, वाऱ्यात न लोळणारं, कणीस मात्र भरदार. परके पराग नकोत म्हणून तिनं कणसावर कागदी पिशवी चढवली आणि त्याचं एक पान जीनोम वाचायला बंगळुरूला पाठवलं.

"अहो, पिशवी दिसली नाही का?" इंद्रायणीबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"दिसली की! म्हणूनच तोडलं. पोरीनं पाखरांपासून जपलंय म्हणजे गोडच असणार. शिवाय हात वर करावा लागला नाही."

"आणि ताट?"

"म्हशीला घातलं. सगळी ओळच कापली."

इंद्रायणीबाईंच्या माहेरी, सांगोल्याकडे, बियाण्याचं कणीस त्यांची आजी निवडायची. मग त्याला हात लावायची आजोबांचीही छाती नव्हती. तेव्हा पिशव्या नव्हत्या, आजीचे डोळे होते. "तुम्हाला आमची आजीच हवी होती," त्या म्हणाल्या.

दाक्षायणी आली, कापलेल्या ओळीपाशी बसली. म्हणाली, "गोड होतं का, काका?"

"लई," अण्णाराव खाली मान घालून म्हणाले.

"चला, चवीचा अभ्यास तरी झाला."

जमिनीत बुडखे उरले होते. पाणी दिलं तर बुडख्यातून ज्वारी पुन्हा फुटते. अण्णाराव रोज घागर घेऊन निघू लागले. फुटवे आले, पण सगळे एकासारखे एक; त्यातला आपला कोणता ते कळेना. त्यात बोअरचं पाणी आटत चाललेलं. साऱ्या ओळीला ते पुरणार नव्हतं.

तेवढ्यात बंगळुरूहून पानाचा निकाल आला. दाक्षायणीनं प्रत्येक फुटव्याचं पान खुडून घेतलं. "रसायनानं प्रत्येक ताटाला वेगळ्या खुणा दिल्यात, काका. त्या पानातल्या खुणा ज्याच्यात सापडतील, ते आपलं."

"आणि कुणातच नसल्या तर?"

"तर आपलं ताट मेलं. पुन्हा बी भिजवायचं, पुन्हा तीन वर्षं."

त्या दिवशी अण्णाराव अर्धी भाकरी टाकून उठले. असं इंद्रायणीबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. जिभेवर आलेला टोमणा त्यांनी गिळला.

आठवड्याभरानं दाक्षायणीचा फोन आला. "काकू, बांधाकडून दुसरा! सगळ्या खुणा जुळल्या!"

अण्णारावांनी सगळं पाणी त्या एका फुटव्याकडे वळवलं, शेजारी खुर्ची टाकली आणि दुपारची झोपही तिथंच घेऊ लागले. "माझ्या बाळंतपणात इतके जवळ बसला नव्हता," इंद्रायणीबाई म्हणाल्या. कणीस पानांच्या पोटरीतून डोकावलं त्याच दिवशी टेंभुर्णीच्या साडूंचा फोन आला. हुरड्याची चव अजून जिभेवर आहे म्हणत होते, पुन्हा कधी येऊ विचारत होते.

अण्णाराव खुर्चीतून उठून फुटव्यासमोर आडवे उभे राहिले. "कसला हुरडा?" ते फोनवर ओरडले. "आम्ही यंदा ज्वारी पेरलीच नव्हती!"