एफीच्या शेजारची जागा

या, असे जरा शेगडीकडे सरकून बसा. बाहेर वारा काय बडबडतोय त्याकडे लक्ष देऊ नका, तो या बेटावर बारा महिने बडबडतो. चहा ओतते आणि एक गोष्ट सांगते. माझी चुलतबहीण एफी आणि तिचा नवरा टॉर्मोड यांची. मी तेव्हा त्यांच्या शेजारीच राहत होते. म्हणजे अजूनही त्याच घरात आहे, शेजार तेवढा बदलला.

टॉर्मोडला गावात सगळे भोवरा म्हणत. बसलेला माणूस नव्हताच तो. आमच्या गावातून दोन सोप्या पायवाटा निघतात, पाहुण्यांसाठी आखलेल्या. एक समुद्रकड्याच्या धारेनं जाते, दुसरी माळावरच्या गुराख्यांच्या जुन्या झोपड्यांकडे. दोन्हींवरच्या पांढऱ्या डोक्याच्या खुणेच्या खांबांची राखण टॉर्मोडकडे होती. खांब वाकला की सरळ करायचा, दलदलीवरची फळी कुजली की बदलायची. काम आठवड्यातल्या एका सकाळचं, पण हा रोज जायचा. फक्त रविवारी नाही. रविवारी आमच्यात हौसेनं फिरत नाहीत, देवळात जायचं आणि घरी यायचं. मग रविवारी तो घरातल्या घरात फिरायचा. एफी म्हणायची, "अरे बस ना, जमीन झिजली."

पण त्याची ती घालमेल कशापायी होती, ते आम्हाला ठाऊक होतं. टॉर्मोड प्रभूच्या मेजाशी कधी बसला नव्हता.

आमच्यात हे असंच आहे. माणूस जन्मभर देवळात येतो, स्तोत्रं गातो, घरी सकाळ-संध्याकाळ बायबल वाचतो, पण प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे होत नाही. आपण त्या लायकीचे नाही म्हणतो. आणि पुढे हो, असं दुसरा कोणी त्याला सांगत नाही. ते सांगणं माणसाचं काम नाही. एफी लग्नानंतर थोड्याच वर्षांत पुढे झाली होती. तेव्हापासून वसंतात आणि ऑगस्टमध्ये, प्रत्येक प्रभुभोजनाला ती पांढरं कापड घातलेल्या पुढच्या बाकांवर, म्हणजेच आमच्या मेजाशी, बसायची आणि टॉर्मोड मागे दाराजवळ.

एफी आजारी होती त्या ऑगस्टमधली गोष्ट, प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशीचा शनिवार. बाहेरगावचे एक म्हातारे पाळक आले होते. मला त्यानंतर तसं प्रवचन ऐकायला मिळालेलं नाही. सुरुवातीला बोलत होते, साधं, शेजारी बोलावं तसं. मग आवाज हळूहळू वर चढला आणि शब्दांना सूर लागला. कुठे बोलणं संपलं आणि गाणं सुरू झालं, कळलंच नाही. "तहानलेल्यांनो, या" एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, प्रत्येक वेळी निराळ्या सुरात. माझ्या हातातला रुमाल भिजला. एफी माझ्या शेजारी शालीत गुंडाळून बसली होती. हाडं तेवढी राहिली होती तिची. शेवटचं स्तोत्र सुरू झालं, पुढचा गाणारा ओळ सांगत होता आणि सगळी मंडळी ती उचलून आपापल्या वळणानं गात होती. तेवढ्यात मागे बाक करकरला. दार उघडलं आणि मिटलं.

"गेला," एफी मान न वळवता म्हणाली.

आशीर्वाद झाला. पाळकसाहेबांनी सांगितलं, देवळाचा कारभार बघणारी वडीलमंडळी आता शेजारच्या खोलीत बसतील, पहिल्यांदाच मेजाशी येऊ इच्छिणाऱ्यांनी यावं. तिथे विचारपूस होते आणि मग शिशाचा एक छोटा बिल्ला मिळतो. रविवारी तो बिल्ला दिल्याशिवाय मेजाशी बसता येत नाही.

बाहेर गाडीत बसवताना एफीनं माझा हात धरून ठेवला. "कर्स्टी, स्टॉर्नोवेच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी काय सांगितलं, तुला ठाऊक आहे. वसंतातलं भोजन मला मिळायचं नाही."

"असं बोलू नये गं."

"खरं ते बोलायला काय झालं? मला एकच हवं होतं. एकदा तो माझ्या शेजारी बसलेला. एकदाच."

"मग सांग ना त्याला!"

"वेडी आहेस का? मी सांगितलं तर तो माझ्यासाठी येईल. त्याच्यासाठी यायला हवा." तिनं बोट वर केलं. "आणि तूही बोलायचं नाहीस. शपथ."

मी शपथ घेतली नाही. गाडीचं दार लावलं, तिच्या भाच्याला म्हटलं, हिला घरी ने, आणि देवळामागच्या फाटकातून पायवाटेला लागले.

सोपी पायवाट म्हणे! तिथल्या पाटीवर लिहिलंय, सर्व वयाच्या लोकांसाठी योग्य. ते लिहिणाऱ्याला माझं कंबरेचं हाड द्यायला हवं होतं. खाली समुद्र कड्याला धडका देत होता, पांढरे पक्षी माझ्या डोळ्यांच्या उंचीवर तरंगत होते आणि मी काठी टेकत, देवळातले बूट चिखलात बुडवत चालले होते. डोक्यात मात्र एकच गोष्ट: ती खोली किती वेळ उघडी राहील? कोणी आलंच नाही तर वडीलमंडळी प्रार्थना करून उठतात. टॉर्मोडला सांगायचं काय, तेही ठरलं नव्हतं. निम्म्या वाटेत वाटलं, परत फिरावं. आजवर कोणी कोणाला बोललं नाही ते मी का बोलायचं? पाय थांबले की वाटायचं पुढे जावं आणि पुढे गेले की वाटायचं थांबावं.

लाल जॅकेटवालं एक जोडपं समोरून आलं, हॉलंडचं असावं.

"काळा कोट घातलेला माणूस पाहिलात का?"

"हो, हो!" बाई हसली. "आम्हाला वाट दाखवली. आम्ही विचारलीही नव्हती. मग एक खांब हलवून पाहिला आणि माळाकडे गेला. फारच घाईत होता."

माळाकडे. म्हणजे आता फळ्यांवरून जायचं. हेदरची झुडपं फुलली होती, सगळा माळ जांभळा, पण माझं तिकडे लक्ष नव्हतं. झोपड्यांच्या पडक्या भिंतींजवळ ठक ठक ऐकू आलं. टॉर्मोड काळ्या कोटात, गळ्याला टाय, एका खांबावर मोगरी मारत होता. तो खांब सरळच होता.

"अरे, आता तो पाताळात जाईल," मी म्हटलं.

तो दचकला. "तू? एफीला काही झालं?"

"एफी घरी आहे. तू इथे काय करतोयस?"

"खांब ढिला आहे."

"ढिला कोण आहे ते मला दिसतंय."

त्यानं मोगरी खाली ठेवली, पुन्हा उचलली. "कर्स्टी, तू जा. तिथे जाऊन मी सांगू काय? इव्हर होडीत बुडता बुडता देवानं त्याला हाक मारली. तुझ्या वडिलांना दलदलीत जळणाचं पीट कापताना उजेड दिसला. मला काय झालं? काही नाही. मी नुसता चालतो. चालतो आणि मागतो, आणि वर काही हलत नाही. रिकाम्या हातानं त्या खोलीत जाऊ?"

इथे मी गावाची रीत मोडली.

"एफीला तू शेजारी हवा आहेस. मेजाशी. उद्या."

तो चिडला. "हे तिनं कधी सांगितलं?"

"मला सांगितलं. तुला सांगू नको म्हणाली."

"इतक्या वर्षांत एक शब्द नाही!"

"तू तरी कधी विचारलंस?"

"मी कसा विचारणार?" आवाज एकदम खाली आला. "मला वाटायचं, ती मला घरात बघते. मी आतून कसा आहे ते तिला ठाऊक आहे. म्हणून गप्प बसते. तिच्या मते मी मागेच बरा."

"आणि तिला वाटत होतं, आपण बोललो तर तुझी वाट बिघडेल. धन्य आहात दोघं! एका ताटात जेवता आणि देवाबद्दल बोलायला शेजारीण लागते."

त्यानं मोगरी माझ्या हातात दिली आणि निघाला. भोवराच तो. फळ्यांवरून धाडधाड करत दिसेनासा झाला. मी मागून, एका हातात काठी, दुसऱ्यात मोगरी. समुद्रावरून धुकं चढत होतं आणि मी मोठ्यानं प्रार्थना करत होते, "देवा, तेवढं दार उघडं ठेव, शपथ मी घेतलीच नव्हती, तू साक्षीला आहेस."

देवळाशी पोचले तर खोलीचं दार बंद. मग पाहिलं, टॉर्मोड खोलीच्या भोवती फेऱ्या घालत होता. दाराशी यायचा, हात वर करायचा आणि पुढे निघून जायचा. मी हाक मारणार, तेवढ्यात आतूनच दार उघडलं. इव्हर उभा होता, तोच होडीवाला, वडीलमंडळीतला सर्वांत म्हातारा.

"टॉर्मोड, आम्ही मघापासून खिडकीतून तुझी टोपीच बघतोय. भिंत झिजण्याआधी आत ये."

आत काय बोलणं होतं ते बाहेर येत नाही. पण टॉर्मोडनं मला पुढे एवढं सांगितलं. त्यांनी विचारलं, तुला इथे काय घेऊन आलं? तो म्हणाला, "माझ्या बायकोला मी शेजारी हवा आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही." मग ते बाहेरगावचे पाळक म्हणाले, "आणि तिच्या मनात ही इच्छा कोणी घातली, टॉर्मोड?"

तो बाहेर आला तेव्हा उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. सरळ घरी गेला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला हळू चालताना पाहिलं.

रविवारी एफीला खुर्चीतून आणलं. बाकांवर पांढरं कापड होतं. स्तोत्र सुरू झालं आणि माणसं एकेक करून पुढे जाऊ लागली. टॉर्मोड मागच्या दाराजवळून उठला, सगळ्या देवळातून चालत आला, बिल्ला दिला आणि एफीच्या शेजारी बसला. आमच्यात भाकर हातून हाती जाते. पाळक पहिल्याला देतात, मग प्रत्येक जण तोडून घेतो आणि शेजाऱ्याकडे देतो. एफी आजवर ती कोणाकोणाच्या हाती देत आली होती. त्या दिवशी तिनं आपला तुकडा मोडला आणि भाकर नवऱ्याच्या हाती दिली. तो रडत नव्हता. मी रडत होते.

नाताळच्या आधी एफी गेली. टॉर्मोड पुढच्या वसंतात मेजाशी बसला, त्याच्या पुढच्याही, आणि मग तोही माळाच्या कडेच्या कब्रस्तानात तिच्याजवळ गेला.

आता तुमचा चहा संपला आणि तुम्हाला निघायचं आहे. एक मागते. तुम्ही कुठेही राहा, कुठल्याही भाषेत प्रार्थना करा, रात्री हात जोडाल तेव्हा माझ्या एफीचं नाव घ्या. नुसतं एफी म्हटलं तरी चालेल.