एका हाताने चुकलेला दोर

मित्रांनो, वाचनालयाच्या टेबलाच्या ज्या खणात मी कितीतरी महिने वेटोळे करून पडलो होतो, त्याच खणात एक पत्र होते. वाचनालय सांभाळणाऱ्या काकांनी त्याचे उत्तर दिलेले नव्हते.

मी एक जुना दोर आहे, विहिरीतले पाणी मोजणारा. बादली मी कधी ओढली नाही, त्यामुळे माझी हकीकत ऐकण्याजोगी आहे की नाही, याची मलाच शंका वाटते. मला जाड सुतापासून वळून हाताहाताच्या अंतरावर गाठी मारल्या आणि टोकाला दगड बांधला. दगड तळाला टेकला की मला वर ओढायचे आणि ओल्या गाठी मोजायच्या. जितक्या गाठी ओल्या, तितके हात पाणी.

हे काम वाचनालयाच्या काकांकडे होते, कारण त्यांच्याइतके नेटके अक्षर गावात कोणाचे नव्हते. थंडी सरताना आठ गाठी ओल्या निघाल्या, तर दुसऱ्या पिकाला पाणी मिळे. कमी निघाल्या, तर विहीर फक्त पिण्यासाठी. तोच आकडा काका खालच्या वस्तीलाही कळवत, कारण दोन्ही विहिरींचा झरा एकच. "दोर सांगेल ते खरं," असे लोक म्हणत, तेव्हा मी कोरडा असूनही फुगत असे.

पण एकदा माझे दगडाकडचे टोक कुजले. काकांच्या काखेत उघडे पुस्तक होते. त्यांनी कुजका हातभर तुकडा कापला, दगड थेट पहिल्या गाठीलाच बांधला आणि पुन्हा वाचू लागले. तेव्हापासून ती गाठ तळालाच भिजे आणि मी एक हात पाणी जास्त सांगे.

दोन वर्षे पाऊस चांगला झाला, तोवर ते कोणाला कळले नाही. मग पाऊस कमी झाला. मी आठ हात सांगितले. पाणी होते सात. पिकांना पाणी सुटले आणि पावसाळ्याला दोन महिने असतानाच विहीर आटली. बायका चिखलात उतरून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. खालच्या वस्तीत लोक डबक्याचे पाणी प्याले, पोरे आजारी पडली. तिथल्या नर्सबाईंनी काकांना लिहिले, "तुमच्या आकड्यावर आम्ही पेरलं. कुठे चुकलं, ते तपासून कळवाल का? पुढेही आम्ही तुमच्या वहीवरच विसंबणार."

काकांनी मला जमिनीवर पसरले, मोजले आणि कापलेला हातभर तुकडा त्यांना आठवला. मग पत्र आणि मी, दोघेही खणात गेलो.

पुढचा पावसाळाही तसाच कोरडा गेला. थंडी सरत आली, तेव्हा रद्दी आवरताना काकांची थोरली बहीण, अक्का, हिच्या हाती ते पत्र लागले.

"अरे, पुढच्या आठवड्यात खालच्या वस्तीची बैठक आहे. जुन्याच आकड्यांवरून पेरणी ठरवतील!"

"कोणत्या तोंडाने लिहू, अक्का?"

"तोंडाने नको, पेनाने लिही. लाज तुझी आणि तहान त्या पोरांची, हे कुठलं रे?"

काका मला खांद्यावर टाकून विहिरीवर गेले. पाणी भरणाऱ्या सगळ्यांसमोर त्यांनी चूक सांगितली. एक बाई हंडा उचलून निघून गेल्या.

"म्हणजे माझा मका तुमच्या पुस्तकाने खाल्ला म्हणायचा," गावचा सुतार म्हणाला. कोणी हसले नाही. मग त्यानेच हात पुढे केला. "आणा तो दोर. आणि पुस्तक तिकडे ठेवा आधी."

त्याने मोजून हातभर तुकडा मला जोडला, दगड बांधला आणि दुसऱ्याकडून तपासून घेतला. मला आत सोडले. सहाच गाठी ओल्या निघाल्या.

"यंदा दुसरं पीक नाही," सुतार हळूच म्हणाला. तिथेच पिण्याच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या. धुण्याचे पाणी झाडांना घालायचे ठरले. यापुढे मोजायला दोघे येणार होते.

मित्रांनो, पाऊस पाडणे माझ्या हाती नाही. आहे ते पाणी खरे सांगणे तेवढे आहे, आणि तेही तुम्ही मला जपलेत तरच. मला दुरुस्त कराल, तेव्हा आणखी कोणाला तरी दाखवा. आणि चूक सापडली, तर ती खणात ठेवू नका.

काकांनी तीन कागद फाडले. चौथ्यावर एवढेच लिहिले: "दोर एका हाताने चुकला होता. चूक माझी. गेल्या तीन वर्षांच्या आकड्यांतून एकेक हात वजा करा. यंदा इथे सहाच हात पाणी आहे. दुसरं पीक पेरू नका."

टपालपेटीपाशी ते पाकीट धरून बराच वेळ उभे राहिले. मी त्यांच्या खांद्यावरच होतो, अजून ओला.

"सोड आता," अक्का म्हणाली.

त्यांनी सोडले.