तीन पानांचे मास्तर

मित्रांनो, मी एक जुना प्रिंटर आहे. किती जुना ते विचारू नका. माझ्याकडे येणारी माणसेसुद्धा हल्ली आपले वय सांगायला बिचकतात. रोजगार कार्यालयासमोर, किल्ल्या बनवणारा आणि शिंपी यांच्या मधल्या गाळ्यात टायपिंगचे दुकान आहे, तिथे मी असतो. माझे एक चाक कुरकुरते, कागदाचा ट्रे चिकटपट्टीने बांधलेला आहे आणि हवा दमट असली की मी दोन-दोन पाने एकदम गिळतो. हे आधीच सांगून टाकलेले बरे. दोष झाकायचे आणि गुण तेवढे ठळक अक्षरात काढायचे, हा उद्योग मी दुसऱ्यांसाठी पुष्कळ केला. स्वतःसाठी मला तो करायचा नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात, सरकत्या पट्ट्यावर झाला. एकीने माझे रूळ बसवले, दुसऱ्याने झाकण लावले आणि पट्ट्याच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाने माझ्या तोंडात एक कोरा कागद दिला. मी त्यावर काळ्या रेघा काढून दाखवल्या. त्याने कागद उजेडात धरून पाहिला आणि म्हटले, "पास." माझी सगळी मुलाखत एवढ्यात आटोपली.

लगेच मला एका विमा कंपनीत जागा मिळाली. तिथे माझे फार लाड झाले. रोज सकाळी मला मऊ फडक्याने पुसत. आलेल्या पाहुण्यांना साहेब कौतुकाने म्हणत, "पाहिलंत? आवाजसुद्धा नाही!" मग एक दिवस रंगीत छापणारा, कागदाच्या दोन्ही बाजूंनी छापणारा नवा प्रिंटर आला आणि मला जिन्याखाली ठेवले. माझ्यावर कोणी हेल्मेट ठेवी, कोणी जेवणाचा डबा. तुला कामावरून कमी केले आहे, असे मला कोणी सांगितलेसुद्धा नाही. ते आपले आपणच ओळखायचे असते.

जिन्याखालून मला उचलले ते मावशीने. मावशी म्हणजे या टायपिंगच्या दुकानाची मालकीण. तिच्याहून वयाने मोठी माणसेही तिला मावशीच म्हणतात आणि ती त्यांना हक्काने रागावते. तिचे मुख्य काम बायोडाटा करून द्यायचे. तिच्या संगणकात एक नमुना पक्का बसलेला होता. कोणीही आले की त्यातले नाव, पत्ता, शिक्षण बदलायचे आणि मला हुकूम सोडायचा. तो नमुना मुळात कोणा पोहणाऱ्या तरुणाचा होता. त्यामुळे आमच्या दुकानातून बाहेर पडलेला प्रत्येक स्वयंपाकी, प्रत्येक वाहनचालक, गुडघेदुखीने बेजार झालेला प्रत्येक पहारेकरी यांचा छंद कायम एकच राहिला: वाचन व पोहणे. कोणाच्या ते लक्षात आले नाही. मावशीच्याही नाही. माझ्या पोटातून गेलेले पान मी विसरत नाही, म्हणून मला माहीत.

आता मी तुम्हाला ज्यांच्याविषयी सांगणार आहे, ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना नोकरी होती. कापड रंगवायच्या गिरणीत ते रंगमास्तर होते. नमुन्याची चिंधी पाहायची, कोणता रंग किती घालायचा ते ठरवायचे, आणि कढईतून निघालेले कापड त्या चिंधीशी जुळते की नाही ते खिडकीपाशी नेऊन पाहायचे, हे त्यांचे काम. त्यांच्या नखांच्या कडा निळ्या होत्या. गिरणीला नवे मालक आले होते आणि त्यांनी सगळ्यांचे बायोडाटा मागितले होते.

"मी काय सांगू? रंग मिसळतो," मास्तर म्हणाले.

"असं म्हणून कसं चालेल, मास्तर? नीट सांगा. सुरुवातीपासून."

मास्तर आधी अवघडले, पण एकदा बोलू लागले तसे थांबेनात. पहिल्यांदा पिंपे धुतली ते सांगितले. कोणाच्या हाताखाली शिकले ते सांगितले. शाळेच्या गणवेशाचा एक लॉट बिघडला होता तो रात्रंदिवस खपून सुधारला, तेही सांगितले. मावशीने सगळे टाइप केले. तीन पाने झाली. तिसऱ्या पानाच्या शेवटी तिने लिहिले, 'रंगखात्याचे प्रमुख, आजपर्यंत.' मास्तरांनी तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. "आजपर्यंत," ते स्वतःशीच म्हणाले आणि घरी मुलीला दाखवायला आणखी एक प्रत काढून घेतली. माझ्या छपाईचे कौतुक करणारे ते शेवटचे गिऱ्हाईक.

नव्या मालकांनी ते बायोडाटा वाचले की नाही कोण जाणे. त्यांनी गिरणीला कुलूप लावले.

मास्तर पुन्हा आले तेव्हा बाजार फार वाईट होता. रोजगार कार्यालयाची रांग आमच्या पायरीपर्यंत येई. मावशीने या धंद्यात डोळे उघडे ठेवले होते. ती म्हणाली, "मास्तर, तीन पानं कोणी वाचत नाही हो. वरच्या अर्ध्या पानात काय ते आलं पाहिजे. जाहिरातीत जे शब्द असतील तेच आपल्यात घालायचे. बाकीचं काढायचं." ती खोटे बोलत नव्हती. तिने जन्मतारीख काढली, कारण ती वाचून लोक पान उलटतात. गणवेशाचा लॉट काढला. पिंपे धुतलेली काढली. पुढच्या खेपेला 'प्रमुख' हा शब्द काढला, कारण प्रमुख म्हटले की समोरच्याला वाटते हा आपल्या डोक्यावर बसणार. तीन पानांची दोन झाली, दोनाचे एक झाले. दर खेपेला मास्तर माझ्या तोंडून आलेले पान हातात घेत आणि मागे आणखी काही येते आहे का म्हणून थोडा वेळ थांबत.

कोठूनही बोलावणे आले नाही. मास्तर गिरणीच्या चाळीत राहत आणि चाळ रिकामी करण्याची नोटीस दारावर लागलेली होती. तेवढ्यात गावाबाहेरच्या नव्या रंगकारखान्याची जाहिरात आली. एकच जागा होती, आणि तिच्याबरोबर राहायला दोन खोल्या. ती मिळाली तर डोक्यावर छप्पर राहणार होते. नाही तर बिऱ्हाड उचलून मुलीच्या मामाच्या दारात जाऊन उभे राहायचे. जाहिरातीत लिहिले होते, 'अनुभव दोन ते पाच वर्षे.'

"माझा तर सव्वीस वर्षांचा आहे," मास्तर म्हणाले.

मावशीने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. मग तिने शेवटची पाच वर्षे ठेवली आणि आधीची एकवीस निवडून खोडून टाकली. कळ दाबायला कितीसा वेळ लागतो? मी ते अर्धे पान छापले. खाली पुष्कळ कोरी जागा उरली होती. मास्तरांनी मान डोलावली आणि पान घडी न घालता नेले.

त्याच दुपारी त्यांची मुलगी आली. रसायनशास्त्र शिकलेली, हुशार पोर. तिच्याकडे अनुभव नव्हता, आणि अनुभव नाही म्हणून कोणी कामावर घेत नव्हते. तिच्या हातात त्याच जाहिरातीचे कात्रण होते.

"मावशी, बाबांना सांगू नका हं. ते कुठे कुठे खेटे घालतायत ते बघवत नाही मला. मला लागली नोकरी की त्यांना घरी बसवीन."

मावशीची चांगलीच पंचाईत झाली. एकाचे दुसऱ्याला सांगायचे नाही, हा तिचा कानाला लावलेला खडा होता. पण त्या दिवशी ती पुटपुटलीच, "तुमच्या घरात एकाकडे जास्त आणि एकाकडे काहीच नाही. थोडं इकडचं तिकडे ओतता आलं असतं तर!" मुलीला त्याचा अर्थ कळला नाही. मी मात्र तिचे पान छापताना दोनदा अडकलो. तिचेही अर्धेच पान होते, आणि तिचाही छंद वाचन व पोहणे.

पुढचे मी पाहिलेले नाही. मुलीने आठवड्याभराने मावशीला सांगितले ते मी ऐकले. ती मुलाखतीला गेली तेव्हा बाहेरच्या बाकावर बसायला सांगितले. आतमध्ये आधीचा उमेदवार होता आणि दार पुरते लागत नव्हते. आतून तिला ओळखीचा खोकला ऐकू आला. मग आतला साहेब म्हणाला, "तुमचं वय बघता अनुभव फारच कमी दिसतोय. पाचच वर्षं? त्याआधी काय करत होता?"

आत पान उलटल्याचा आवाज झाला.

"घरीच होतो," तिचे बाबा म्हणाले.

हे सांगून मुलगी म्हणाली, "मावशी, मी लहान होते तेव्हा त्यांच्या हाताच्या रंगावरून ओळखायची, आज गिरणीत काय चाललंय ते. लाल असले की मी त्यांना हात लावू द्यायची नाही. आणि ते म्हणाले, घरीच होतो! त्यांनी तरी काय सांगायचं? कागदावर नव्हतंच काही." मावशीने मान खाली घातली.

मास्तर बाहेर आले आणि त्यांनी बाकावर मुलीला पाहिले. दोघांच्याही लक्षात आले. "तू इथे कशी?" त्यांनी विचारले. "तुमच्यासारखीच," ती म्हणाली. मग तिला आत बोलावले, अनुभव विचारला आणि कळवतो म्हणून सांगितले. दोघे बरोबर चालत घरी आले. ती जागा तीन वर्षे अनुभव असलेल्या कोणाला तरी मिळाली. मित्रांनो, त्या माणसाचा मला राग नाही. त्याच्याही घरी कोणीतरी वाट पाहतच असेल.

हे सगळे सांगितले त्या दिवशी मुलगी खरे तर वेगळ्याच कामासाठी दुकानात आली होती. "पहिला, तीन पानांचा, आहे का अजून? घरची प्रत बाबांनी फाडून टाकली."

मावशीने शोधून काढला. मी छापू लागलो. माझी शाई संपत आली होती, अक्षरे फिकट येत होती, तरी मी जीव तोडून तीनही पाने काढली. तिसरे बाहेर येते न येते तोच मास्तर मुलीला शोधत आले. चाळीपुढे सामान न्यायला टेम्पो उभा होता.

"कुठे अर्ज करायचाय आता?" त्यांनी विचारले.

"कुठेच नाही. मला हवाय."

मास्तरांनी चष्मा लावला आणि तिथेच उभ्या उभ्या वाचायला घेतले. अनोळखी माणसाविषयी वाचावे तसे ते सावकाश वाचत होते. एका ठिकाणी ते थांबले. "मावशी, हे पोहणे काय आहे? मला कुठे पोहता येतं?" मावशीने जीभ चावली. सगळा घोळ तिच्या ध्यानात आला आणि ती इतक्या वर्षांची गिऱ्हाइके आठवून हसू लागली. मुलगी हसली. मास्तरही हसले. आमच्या दुकानात इतके हसणे मी कधी ऐकले नव्हते.

मग मास्तर शेवटच्या ओळीवर आले आणि त्यांचे हसू गेले. "पोहणे राहू द्या," ते म्हणाले. "पण हे 'आजपर्यंत' काढा. आता ते खरं नाही."

मावशीने तो शब्द काढला, तिथे कुलूप लागले ती तारीख घातली आणि मला हुकूम दिला. मी कागद ओढला. चाक कुरकुरले. पान बाहेर आले ते पांढरेफटक. मावशीने माझे झाकण उघडले, शाईची डबी काढून हलवली, पुन्हा बसवली. दुसरे पानही कोरेच आले. मला खरेच जमले नाही.

"राहू दे, बाबा," मुलगी म्हणाली. तिने आधीची तीन पाने नीट जुळवून पिशवीत ठेवली. मास्तरांनी ते कोरे पान एकदा उलटून पाहिले आणि माझ्यावरच ठेवले. मग दोघे टेम्पोकडे गेले. त्यानंतर ते दोघे कोणाला दिसले नाहीत.

माझ्यासाठी लागणारी शाई आता कोठे मिळत नाही. अर्जही हल्ली कागदावर जात नाहीत म्हणे; ते थेट यंत्राकडे जातात, आणि जाहिरातीतले शब्द सापडले नाहीत तर माणसाने वाचण्याआधीच यंत्र ते बाजूला टाकते. मावशीने भंगारवाल्याला निरोप धाडला आहे.

जाता जाता एवढेच सांगतो. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यावरही स्वतःला अर्ध्या पानात बसवायची पाळी येईल. बसवा, इलाज नाही. जे काढायला सांगतील ते काढा. त्याने नोकरी लागेल, असे मी म्हणणार नाही. मी फार थोड्यांची लागलेली पाहिली आहे. पण मित्रांनो, कात्री लावण्याआधी सगळे लिहिलेली एक प्रत काढून घरात कोणाजवळ तरी ठेवायला द्या. पिंपे धुतलेलीसुद्धा त्यात राहू द्या. नाही तर कोणी विचारील, त्याआधी काय करत होता, आणि तुमच्या तोंडून निघून जाईल, घरीच होतो.