डावी बाजू

सकाळपासून त्याचा पाय एका जागी ठरत नव्हता. गाडी बघायला एक बाई दहाला येणार होत्या आणि हा आठपासून हातात फडकं घेऊन त्या लाल, बुटक्या स्पोर्ट्स कारभोवती घिरट्या घालत होता. बावीस वर्षांत आपल्यापेक्षा गाडीचेच लाड जास्त झाले, असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

“अहो, पुसून पुसून रंग जाईल तिचा,” ती खिडकीतून म्हणाली. “विकायचीय ना? मग बसा की स्वस्थ.”

विकायचीय! त्याने फडकं आणखी जोरात फिरवलं. घरी त्याने गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं. खरं कारण वेगळंच होतं. जन्मभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासणाऱ्या या गृहस्थाची डाव्या अंगाची नजर काचबिंदूने खाल्ली होती. सात महिन्यांपूर्वी कळलं, पण त्याने ते कुणाच्या कानावर घातलं नाही आणि गाडीही सोडली नाही. गेल्या आठवड्यात फाटकाच्या खांबाला आरसा घासला, तेव्हा घाबरून जाहिरात दिली. आता वाटत होतं, उगाच घाई केली. एक आरसाच तर घासला. कुणाचा घासत नाही?

गिऱ्हाईक निघाली दातांची डॉक्टर. बॉनेट उघडून तिने आत असं डोकावून पाहिलं, की आता ‘आ करा’ म्हणेल असं वाटलं.

“पावसात छत गळतं,” त्याने सुरुवात केली.

“गळू दे.”

“पेट्रोल ढोसते नुसती.”

“माझा नवरा घोरतो. घेतेय ना चालवून?”

“सुटे भाग मिळत नाहीत हिचे.”

“नसतील तर बनवू, काका. माझा धंदाच तो.”

बाई काही हटेना. मग त्याने मनात ठरवलं, एक झकास चक्कर मारायची आणि आल्यावर सरळ सांगायचं, विकायची नाही. तो चावी घेऊन आला, तर बाई केव्हाच स्टिअरिंगमागे बसलेल्या. त्याला शेजारी बसावं लागलं. बाजारपेठेतून जाताना त्याच्या तोंडाची टकळी सुरूच होती. आता तिसरा टाका, जरा दमाने, क्लच सोडा.

करकचून ब्रेक लागला. तो पुढे आपटता आपटता वाचला.

“काय झालं?”

“अहो, त्या आजी!”

त्याने मान वळवली. डावीकडून रस्त्यात उतरलेली एक म्हातारी पिशवी छातीशी धरून बॉनेटला टेकून उभी होती.

“तुम्हाला दिसल्या नाहीत?”

‘दिसल्या की’ अगदी ओठांवर आलं होतं. दुकानात लोक असंच म्हणायचे. अक्षरांचा तक्ता पाठ करून यायचे आणि हा मुकाट्याने तक्ता बदलायचा.

“नाही दिसल्या,” तो म्हणाला. “गाडी तुम्ही न्या. आजच न्या.”

बायको फाटकातच उभी होती. गाडीतून उतरल्या उतरल्या त्याने तिला सगळं सांगून टाकलं. काचबिंदू, सात महिने, आरसा. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून तो मान खाली घालून उभा राहिला. पण ती गाडीच्या उघड्या दाराकडे बघत राहिली.

“सात महिने,” ती शेवटी म्हणाली, “मी तुमच्या डावीकडेच बसत होते ना?”