डाळिंबाची साल, थोडी चावलेली

मी डाळिंबाची साल बोलतेय. ओळखलं नाहीत? कसं ओळखाल! आजवर मला हातात धरून तुम्ही फक्त कचऱ्याचा डबा शोधलात.

झाडावर ऊन मी सोसलं, पाखरांच्या चोची मी झेलल्या, आणि कौतुक मात्र दाण्यांचं! या घरात आले आणि माझं नशीब उघडलं. घरची लेक प्रयोगशाळेत काम करते. फळांमधल्या कोणत्या द्रव्यांनी मेंदूच्या पेशी वाचतील, हे ती शोधते.

"बाबा, दाणे कुणीही खा, साल मला हवी. मेंदूचं औषध असलं तर तिच्यातच!" जेवताना हे इतक्यांदा व्हायचं की मलाही शिंगं फुटली.

बाबा जुने शिंपी. डाळिंब असं सोलायचे, की दाण्याला पापुद्रा चिकटायची बिशाद नव्हती. सोललेली साल लेकीच्या डब्यात भरून द्यायचं कामही त्यांचंच. पण हल्ली ते विसरू लागले होते. चष्मा विसरला, वार विसरला, तर स्वतःच हसायचे. लेकीला मात्र ते लहानपणापासून 'बटण' म्हणत. ते नाव एक दिवस जिभेवर येणार नाही, या धास्तीनं त्यांची झोप उडाली होती.

आज लेकीनं प्रयोगशाळेत डबा उघडला, तर आत लालचुटुक दाणे आणि चमचा! लगेच घरी फोन.

"बाबा, साल कुठाय?"

"खातोय की."

"खाताय?"

"कडूजहर आहे गं. पण मेंदूला चांगली ना? तुझं नाव जायला नको. दाणे तुला दिले, तुला आवडतात."

तिनं फोन ठेवला. मग भर कामाच्या वेळी ती डबा घेऊन घरी हजर. तिनं मला बाबांच्या हातातून काढून घेतलं.

"अहो, हे सगळं अजून काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललंय. माणसाला उपयोग होतो का, मलाच ठाऊक नाही."

"मग जेवताना एवढं डोकं का खातेस?"

ती हसली आणि हसता हसता रडली. मलाही भरून आलं, पण सालीचं कोण बघतो!

आता मी टेबलाच्या कडेला पडलेय, दातांच्या खुणांसकट. चावलेली साल प्रयोगाला चालत नाही म्हणे. म्हणजे पुन्हा कचऱ्याचा डबाच! जाते बापडी. जाताना एकच विनंती: माझ्यात औषध आहे की नाही, ते लेकीला सावकाश शोधू द्या. तोवर मला चावू नका आणि विसरणाऱ्या माणसाला एकटं बसवू नका.

बाबांनी दाण्यांचा डबा तिच्यापुढे सरकवला. "घे गं..." म्हणाले आणि अडले. तिनं वाट पाहिली. मीही पाहिली.

"नाव मागाहून सांगतो," बाबा म्हणाले, "आधी खा."