सहावीतला हवेचा धडा

परदेशातल्या एका शाळेशी आमच्या शाळेची जोडी जमली आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी दोन शिक्षकांनी आठ दिवस तिकडे जायचं ठरलं. बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, माझं नाव घातलं, कारण मी इंग्रजी शिकवते. दुसरं नाव विज्ञानाच्या सरांचं, कारण त्यांचं निवृत्तीचं वर्ष होतं. शिक्षकखोलीत थोडी कुजबुज झाली. इंग्रजी बोलायचं म्हटलं की सरांना घाम फुटतो, हे शिपायापासून सगळ्यांना ठाऊक. सर शांतपणे म्हणाले, "मी कशाला बोलतोय? ही आहे की."

ही म्हणजे मी. सहावीत मी सरांच्याच वर्गात होते. गेली बारा वर्षं आम्ही एकाच शिक्षकखोलीत बसतो, तरी ते आत आले की माझी पाठ आपोआप ताठ होते.

तिकडचे पहिले तीन दिवस पाहुणचारात गेले. शाळा दुमजली, लांबट. जिन्याच्या कठड्याचा रंग मुलांच्या हातांनी उडालेला, वर्गांबाहेर दप्तरांसाठी खुंट्या. चौथ्या दिवशी तिथल्या विज्ञानाच्या उंच बाईंनी मला विचारलं, तुम्ही आमच्या मुलांना काय दाखवाल? नाच, एखादं गाणं?

मी सरांना सांगितलं. "नाच मला येत नाही," सर म्हणाले. "शिकवता येतं. सहावीचा वर्ग, एक काचेचा ग्लास आणि बादलीभर पाणी द्या म्हणावं."

ग्लासावर ठेवायचा पुठ्ठा त्यांनी घरूनच आणला होता. जुन्या कॅलेंडरच्या पाठीचा, चौकोनी कापलेला, सदऱ्याच्या घडीत जपून ठेवलेला.

सरांनी मराठीत बोलायचं, मी इंग्रजी करायचं, असं ठरलं. तिथले मुख्याध्यापक मागच्या बाकावर येऊन बसले. "या खोलीत काय काय आहे?" सरांनी सुरुवात केली. मुलांनी बाकं सांगितली, फळा सांगितला, कुणी मुख्याध्यापकांकडे बोट दाखवलं. "आणखी?" सरांच्या तोंडून निघायच्या आत मी विचारून मोकळी. धडा आपणहून माझ्या जिभेवर येत होता. हवा दिसत नाही, मी म्हणाले, पण म्हणून ती नाही असं थोडंच? हेडसरांचा राग तरी कुठे दिसतो? खोलीत शिरला की कळतो ना?

वर्ग हसला. मुख्याध्यापक सगळ्यांत जोरात.

सर थबकले. "काय सांगितलंस?"

"हेडसरांचा राग."

"मी अजून तिथवर आलोच नव्हतो."

"याच्यानंतर तोच असतो, सर."

सरांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, मग ग्लास काठोकाठ भरला आणि त्यावर पुठ्ठा ठेवला. "हा उलटा करून कुणाच्या डोक्यावर धरू?"

मुलांनी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीला पुढे ढकललं. ती अर्ध्यावर थांबली आणि मान हलवू लागली.

"घाबरू नकोस म्हणावं," सर म्हणाले.

मी तिच्याजवळ गेले. तिला सांगितलं की, तुझ्याएवढी असताना मीही अशीच उभी होते आणि माझ्या वेळी पुठ्ठा सटकला. नखशिखांत भिजले. वर्ग खो खो हसला. घर लांब, बदलायला कपडे नाहीत, आणि थंडीचे दिवस. या सरांनी पुस्तक मिटलं आणि चाळीसच्या चाळीस मुलांना शाळेमागच्या पायऱ्यांवर उन्हात नेलं. माझा फ्रॉक वाळेपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले. हवा संपली, पाणी संपलं, चुंबकही अर्धा झाला. मग मला कुणी हसलं नाही. उलट उद्या पुन्हा भीज, म्हणून मागे लागले.

"एवढं काय बोलतेयस?" सर म्हणाले. "मी दोनच शब्द म्हटले होते."

"तेच सांगतेय, जरा समजावून."

मुलगी पुढे आली. सरांनी ग्लास उलटा केला, पुठ्ठ्याखालचा तळहात हळूच काढला. पाणी जागचं हललं नाही. तिने आणखी दोनदा करायला लावलं, मगच जागेवर गेली.

मधल्या सुट्टीत चहा घेताना सरांनी पुन्हा विचारलं, तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले आणि म्हणाले, "नाही बुवा आठवत."

मी खट्टू झाले. इतकी वर्षं मी तो दिवस जपला होता आणि ज्यांनी दिला त्यांच्याकडे त्याचा मागमूसही नव्हता. पण ते कितीतरी मुलांचे सर होते.

थोड्या वेळाने त्यांनी कप खाली ठेवला. "मागच्या पायऱ्या म्हणालीस? दुपारची वेळ?"

"हो."

"त्यावरून हेडसरांनी मला आत बोलावून चांगलं फैलावर घेतलं होतं. नोकरी नवीन होती माझी. वर्गखोल्या काय शोभेला बांधल्यात का, म्हणाले. शब्दन् शब्द आठवतोय. पण पोरं बाहेर कशाला नेली होती, ते साफ विसरलो." त्यांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. "मला वाटायचं, मलाच ऊन खायचं असेल. आळशीपणा केला आणि बोलणी खाल्ली, असंच धरून चाललो होतो."

"तुम्ही हेडसरांना कारण नाही सांगितलंत?"

"सांगितलं नसणार. तुला बोलावून विचारत बसले असते." ते जरासे हसले. "बरं झालं सांगितलंस."

सुट्टीनंतर सहावीची दुसरी तुकडी होती. दारापाशी सरांनी पुठ्ठा माझ्या हातात दिला. "हा तास तू घे. मी बसतो मागे."

"सर, मी भाषेची बाई."

"धडा येतोय ना तुला? मग?"

ते शेवटच्या बाकावर मुलांमध्ये जाऊन बसले. गुडघे मावेनात, म्हणून तिरके बसले. मी शिकवत होते आणि एक अक्षर न कळताही सर बरोबर जागी मान डोलवत होते. ग्लास उलटा करून मी तळहात काढला. चार थेंब माझ्या मनगटावर आले, बाकीचं पाणी राहिलं.

मुलं बाहेर गेल्यावर सर फळ्यापाशी आले. "हात जरा घाईने काढलास."

"हो, सर."

"बाकी चांगलं झालं."

मी शाळेत असताना ते वहीवर फक्त बरोबरची खूण करायचे, शेरा कधी लिहायचे नाहीत. मी फळ्याकडे तोंड करून तो पुसायला लागले आणि आधीच स्वच्छ झालेली जागा पुसत राहिले.