माझ्या कण्यातली कीड

मी एक जुनी लाकडी नौका आहे. तीन डोलकाठ्या, सुती शिडं, शिवणाच्या दोऱ्याचे दोरखंड आणि उंची जेमतेम टेबलावरच्या दिव्याएवढी. मित्रांनो, मी समुद्र कधी पाहिला नाही आणि पाहायची हौसही नाही. ज्या जुन्या व्यापारी जहाजाची मी प्रतिकृती आहे, ते वादळात फुटून बुडालं. माझ्या फळ्या चिकटवताना ही हकिगत माझ्यासमोरच रंगवून सांगितली जायची. तेव्हापासून मी भित्रीच.

मला घडवलं एका घड्याळजींनी. दुकान बंद केल्यावर त्यांचे हात स्वस्थ बसेनात. मग चिमटे आणि डोळ्याला लावायचं भिंग घेऊन ते माझ्यामागे लागले. पातळ पट्ट्या गरम पाण्यात भिजवून त्यांनी वाकवल्या, फासळ्यांवर एकेक करून बसवल्या. पण माझा कणा, म्हणजे तळाचं ते लाकूड ज्यावर सगळी नौका उभी असते, त्यासाठी त्यांनी नवं लाकूड आणलं नाही. वडिलांच्या मोडक्या खुर्चीचा पाय कापून घेतला.

"जुनं लाकूड मुरलेलं असतं, वाकत नाही," ते बायकोला म्हणाले. वडिलांची आठवण घरात राहील, हेही मनात होतंच. त्या पायात आणखी कोणी राहतं का, हे मात्र त्यांनी भिंगातून पाहिलं नाही.

पाहुणे यायचे, माझ्याभोवती फिरायचे, तोंडात बोट घालायचे. मी ताठ उभी असायचे, आणि एक दिवस मला आतून काहीतरी कुरतडताना जाणवलं. अगदी बारीक, पण थांबत नव्हतं. मित्रांनो, बाहेरच्या शत्रूपासून पळता तरी येतं. हा तर पोटात बसला होता. कणा पोखरला गेला की फासळ्या सुटणार आणि मी जागच्या जागी कोसळणार, एवढं मला कळत होतं. ओरडायला तोंड नव्हतं. माझ्या तळातून पिवळसर भुकटी गळायची, तीच माझी हाक. आणि घड्याळजींची बायको म्हणजे स्वच्छतेचा अवतार. रोज सकाळी ती माझी हाक ओल्या फडक्याने पुसून टाकायची.

"अहो, रोज पुसते तरी रोज पीठ पडतंय इथे," ती एकदा म्हणाली.

"खिडकी उघडी ठेवतेस ना, धूळ येते," घड्याळजींनी मान वर न करता सांगितलं.

मग तिचं मनगट मुरगळलं आणि पुसणं थांबलं. माझ्याखाली भुकटीची चिमुकली रास साचली. घड्याळजींनी ती पाहिली, भिंग लावलं, आणि कण्यातलं टाचणीच्या टोकाएवढं भोक त्यांना सापडलं. त्यांचा चेहरा पडला. मग त्यांनी बारीक करवत उचलली. कणा काढायचा म्हणजे मला उभी चिरायची. करवतीचे दात मला टेकले.

"थांबा हो जरा," बायको म्हणाली. "पिठात किडे झाले तर मी काय करते?"

"फेकून देतेस."

"फ्रीझरमध्ये ठेवते. इतकी वर्षं खाताय, कळलं नाही ना?"

घरचा फ्रीझर मला पुरेना. तिच्या भावाचं आइस्क्रीमचं दुकान होतं, तिथे मोठा होता. "भावजी, आइस्क्रीम बिघडलं तर ताईलाच खायला लावीन," तो हसत म्हणाला. घड्याळजी हसले नाहीत. थंडीने लाकूड आकसतं, डिंक सुटतो, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मला प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळलं आणि आडवं ठेवलं. झाकण बंद झालं.

त्या काळोखाला भ्याले, तितकी मी कशालाच भ्याले नाही. फळ्या कडकडत होत्या. कुरतडणं आधी मंद झालं, मग अडखळलं, मग थांबलं. ते थांबलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मीच संपले की तो, हे मला कळेना.

मी बाहेर आले ती एका बाजूची फळी उकललेली घेऊन. घड्याळजींनी ती पुन्हा चिकटवली आणि माझ्याखाली काळा कागद अंथरला. पीठ पडलं तर लगेच दिसावं म्हणून. किड्याने आत अंडी घातली असतील का, हे कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तू जरूर पुसा. पण फडकं फिरवण्याआधी एकदा वाकून बघा. आम्हाला बोलता येत नाही, आम्ही फक्त थोडं थोडं गळतो.

आता घड्याळजींची बायको रोज सकाळी फडकं बाजूला ठेवते, कागदावरून बोट फिरवते आणि बोट उजेडात धरून पाहते. आज तिने तेच बोट माझ्यासमोर धरलं.

"काही नाही हं," ती मला म्हणाली. "उद्या परत बघू."